चिखलदऱ्यात पायी फिरायचं तर आधी परतीचा चढ मोजा

प्रश्न थोडक्यात असा: अंजनगाव सुर्जीकडचं चौघांचं कुटुंब डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चिखलदऱ्याला कॉटेज घेऊन तीन रात्री राहणार आहे. आई ६२ वर्षांची, गुडघे थोडे कुरकुरतात. मुलगा ११ वर्षांचा. मागच्या वर्षी हरिहरेश्वरला राहत्या घरातून निघून किनाऱ्यानं चालत फिरले, तसं इथं करता येईल का, कोणत्या वाटा घ्याव्या, वाटाड्या लागतो का, आणि गाविलगड किल्ला एका दिवसात होतो का?

करता येईल, आणि गाविलगडही होतो. पण कोकणातली सवय इथं जशीच्या तशी लावू नका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट खडकांवरून जाते आणि भरतीच्या वेळी तिथं उतरायचं नसतं. म्हणजे तिथं वेळ ठरवतो समुद्र. चिखलदऱ्यात वेळ ठरवतो परतीचा चढ, आणि तो चढ निघताना दिसत नाही. इथल्या बहुतेक फजित्या त्यातूनच होतात.

चिखलदरा हे गाविलगडच्या डोंगररांगेतलं पठार आहे, उंची साधारण ११०० मीटर. कॉटेज, हॉटेलं, बाजार, सगळं माथ्यावर. बघायच्या जागा एकतर पठाराच्या कडेला, नाहीतर खाली दरीत. सह्याद्रीतल्या गडावर माणूस ताज्या दमानं चढतो आणि थकल्यावर उतरतो. इथं उलट. नाश्ता करून हसतखेळत उतार उतरायचा आणि ऊन डोक्यावर आलं, बाटली रिकामी झाली की चढायला लागायचं. उतरताना पोरगं पुढं पळतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की वाट सोपी आहे.

म्हणून हिशेब असा धरा. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट वेळ चढायला, घरात वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर दुप्पट. डिसेंबरअखेरीस या भागात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत त्याच्या तासभर आधीच सावली उतरते आणि झाडीत वाट दिसेनाशी होते. तेव्हा साडेचारला माथ्यावर परत, हा नियम पाळा. समजा सकाळी साडेआठला उतरायला लागलात आणि पाऊण तासात नाल्यावर पोचलात, तर चढाला दीड तास राखून ठेवा. खाली तासभर बसलात तरी बाराच्या आत वर याल. हीच वाट जेवण करून दुपारी दोनला धरली, तर खाली पोचायला पावणेतीन, तासभर बसून पावणेचारला चढ सुरू, वर यायला सव्वापाच. कागदावर हे जमतं. कुणाचा पाय मुरगळला की मात्र जंगलात अंधार होतो. दुपारनंतर उतार धरायचाच नाही, फार तर पठारावरून कडेकडेनं फिरायचं.

दुसरी गोष्ट दगडाची. हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा आहे. टणक थराचा उभा कडा होतो आणि मऊ थराची झिजून सपाटी होते, असे टप्पे एकाखाली एक आहेत. वाटा या सपाट्यांवरून आडव्या जातात आणि जिथं कडा फुटलेला असतो तिथूनच खाली उतरतात. गुराखी आणि गुरं मधूनच आडव्या वाटा पाडतात. त्या ठसठशीत असतात, चांगल्या वाटतात आणि पुष्कळदा कड्याच्या तोंडाशी जाऊन संपतात. खालचा नाला समोर दिसतोय म्हणून सरळ उतरायला लागलं, की मधे दहा-वीस मीटरचा कडा आडवा येतो. वरून तो गवतात दिसतच नाही. वाट हरवल्यासारखी वाटली तर पुढं उतरू नका. शेवटचा पक्का रस्ता किंवा ओळखीचं झाड जिथं होतं, तिथवर मागं वर या. दरीत रेंज नसते, तेव्हा नकाशा कॉटेजवरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या.

आता कुठं चालायची मुभा आहे ते. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. चिखलदरा गाव प्रकल्पाच्या जंगलाला अगदी खेटून आहे. गावातले रस्ते, पॉइंटांकडे जाणाऱ्या सडका, तलावांचे काठ इथं तुम्ही मोकळेपणी पायी फिरू शकता. अभयारण्याच्या आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मात्र परवानगीशिवाय पाऊल टाकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ‘आम्ही वाट चुकलो’ हे कुणी ऐकून घेत नाही. वैराट हा या रांगेतला सगळ्यात उंच माथा, ११७८ मीटर. संध्याकाळचा देखावा खरंच बघण्यासारखा, पण तिथं वनखात्याच्या नियमानं वाहनातूनच जायचं. चालत जायचा हट्ट सोडा.

पहिल्या दिवशी दुपारी पोचाल. त्या दिवशी फक्त कडेची चाल ठेवा. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल अशा जागा गावापासून थोड्याथोड्या अंतरावर आहेत, सगळ्या एकाच दमात गाठायची गरज नाही. देवी पॉइंटला कपारीतलं देऊळ आहे, वरून पाणी ठिबकत असतं, त्यामुळं पायाखालचा दगड हिवाळ्यातही बुळबुळीत असतो. आईंना तिथं हात द्या. पंचबोलला हाक मारली की प्रतिध्वनी येतो. पोराला एकदा ओरडू द्या, पण तिथं आधीच दहा जण ओरडत असतात हे गृहीत धरा. भीमकुंडाला कीचकाची कथा जोडलेली आहे, भीमानं त्याला मारून दरीत फेकलं अशी. त्यावरून कीचकदरा आणि पुढं चिखलदरा झालं असं लोक सांगतात. डिसेंबरात तिथला धबधबा बारीक धार होऊन राहतो किंवा आटतो. कड्याचा आकार मात्र याच दिवसांत नीट दिसतो, पावसाळ्यात तो अर्धा वेळ धुक्यात असतो. कठड्याबाहेर जाऊन फोटो काढू नका. कडेचा मुरूम सुटा असतो आणि खालून पोखरलेला असला तरी वरून कळत नाही.

दुसरा दिवस गाविलगडाचा, अख्खा. गावाच्या बस स्टँडपासून पायी पाऊण तास धरा. प्रवेशाची वेळ आणि शुल्क आदल्या संध्याकाळी कॉटेजवाल्याला विचारून ठेवा, आणि दार उघडतं त्या वेळेला तिथं हजर राहा. गड दोन भागांत आहे. बाहेरचा कोट चिखलदऱ्याच्या बाजूला, मग मधे खोलगट ओहोळ, आणि पलीकडं आतला मोठा कोट. हा मधला खोलगा चालणाऱ्याला दोनदा लागतो, जाताना आणि येताना. येतानाचा चढ आईंच्या गुडघ्यांना जाणवेल. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज फौजेला हाच खोलगा नडला होता. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाताखालच्या कर्नल स्टीव्हन्सननं तोफा उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूनं चढवल्या, १५ तारखेला बाहेरची भिंत फोडून सैन्य आत घुसलं, पण आतल्या कोटाच्या दाराशी अडकलं. शेवटी एक तुकडी शिड्या लावून भिंतीवर चढली आणि तिनं आतून दार उघडलं. दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह झाला. हे माहीत असलं की पोराला त्या ओहोळात उभं करून वर बघायला लावता येतं, आणि गड कसा बांधलाय ते त्याला न सांगता कळतं.

आत बघायला भरपूर आहे. कोरीव शिल्पांचा शार्दूल दरवाजा, दिल्ली दरवाजा, तलाव, तोफा, मोठी मशीद, राणीमहालाचे अवशेष. दक्षिणेच्या टोकाला पीरफत्ते दरवाजा आहे. सगळं फिरायला चार-पाच तास लागतात. आईंसोबत असाल तर दरवाजे, तलाव आणि मशीद एवढंच करा, तीन तासांत आरामात होतं, आणि गडाचा ऐंशी टक्के आनंद तेवढ्यातच आहे. पीरफत्ते दरवाजातून पुढं खाली मैदानाकडं वाट उतरते, ती बघून परत फिरायचं. ती घनदाट जंगलातून जाते आणि उतरलात तर गाडी वर, तुम्ही खाली.

गडावर नोव्हेंबर-डिसेंबरात कमरेइतकं गवत वाळून उभं असतं. या गवतात तीन गोष्टी लपलेल्या असतात. पहिली, जुनी पाण्याची टाकी आणि विहिरी, कठडा नसलेल्या. म्हणून मळलेल्या वाटेवरून खाली पाय पडता कामा नये, पोराचा तर नाहीच. दुसरी, कुसळ. कुसळी गवताचं बी टोकदार असतं, मोज्यात घुसतं, ओलावा लागला की पिळा उलगडत आत जातं आणि कातडीत टोचतं. लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घातले की ती शेकड्यानं अडकतात आणि मोजा फेकावाच लागतो. गुळगुळीत कापडाची लांब विजार मोज्याच्या आत न खोचता बाहेरून सोडा आणि खाली रबरानं किंवा सुतळीनं बांधा. बसल्यावर हातानं ओढू नका, फणीनं खालून वर काढा.

तिसरी सगळ्यात वाईट: खाजकुयली. वेलीवर मखमली, तपकिरी, एसच्या आकाराच्या शेंगा लोंबतात आणि हिवाळ्यात वाळल्यावर नुसता धक्का लागला तरी त्यांची लव उडते. मुलं हमखास हात लावतात, कारण दिसायला ती मऊ असते. लागली की पहिलं काम म्हणजे न चोळणं. चोळलं की लव आत मोडते आणि खाज गळ्यापर्यंत पसरते. त्या जागेवर चिकटपट्टी, तीच खोकी बांधायची रुंद पट्टी, हलक्या हातानं दाबून चिकटवा आणि एका झटक्यात ओढून काढा. दर वेळी नवा तुकडा घ्या, चार-पाच वेळा करा. मग साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवा. अंगातला सदरा काढून वेगळ्या पिशवीत बांधा, कारण कापडावरची लव दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते. खाज राहिली तर कॅलामाइन लोशन लावा. डोळ्यात गेली असेल तर मात्र थेट दवाखाना. चिकटपट्टीचं एक रीळ पिशवीत ठेवा, फाटलेला बूट बांधायलाही तेच कामी येतं.

आग्या मोहोळाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण किल्ल्यावर माणसं दवाखान्यात पोचतात ती बहुतेक याच्यामुळं. दरवाजाच्या कमानीखाली, कड्याच्या आडोशाला ही पोळी लोंबतात. माश्या उठतात त्या धुरानं, दगडानं, मोठ्या आवाजानं आणि उग्र वासानं. तेव्हा अत्तर, सुगंधी तेल लावून निघू नका, कमानीखाली टाळ्या-शिट्ट्या नकोत, आणि बिडी-सिगारेट कुणी पेटवत असेल तर स्पष्ट सांगा. पोळ्यावरून लाटेसारखी थरथर फिरताना दिसली, तर तो इशारा आहे, गुमान मागं फिरा. उठल्याच, तर हात झाडू नका. डोकं-तोंड ओढणीनं किंवा टॉवेलनं झाका आणि पळा, शंभर-दोनशे मीटर तरी, शक्य तर दाट झुडपातून किंवा बंद गाडीत. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत वाट बघतात. नांगी नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून लगेच काढा, उशीर केला तर विष जास्त जातं. ओठ सुजले, श्वास लागला, अंगावर गांध्या आल्या तर १०८ ला फोन करा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा.

वाघाची भीती सगळ्यांना वाटते, पण पायी चालणाऱ्याला खरा धोका अस्वलाचा. त्याची नजर आणि कान फारसे तेज नाहीत, वास मात्र फार लांबून येतो. वारा उलटा असेल तर तुम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग दचकून ते अंगावर येतं. हिवाळ्यात बोरांच्या झाडांखाली ते सकाळ-संध्याकाळ चरतं. म्हणून बोरीच्या झुडपांतून जाताना गप्पा मारत, काठी आपटत जायचं, सकाळी आठच्या आधी आणि साडेचारनंतर जंगलालगतच्या वाटेला लागायचं नाही. मोबाइलवर गाणी लावून चालणं हा उपाय नव्हे, त्यानं तुमचेच कान बंद होतात. रानगवा दिसला तर लांबून वळसा घाला, फोटोसाठी जवळ जाऊ नका. पॉइंटांवरची माकडं वेगळीच जमात. हातातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पाठ आहे. खाऊ सॅकमध्ये, चेन बंद.

तिसऱ्या दिवशी दरीत उतरायची हौस असेल तर गावातला वाटाड्या हवाच, आणि वाट वनखात्यानं खुली ठेवलेली आहे का याची आदल्या दिवशी त्यांच्या कार्यालयात खात्री करून घ्या. आमझरीला वनखात्याचं निसर्ग पर्यटन संकुल आहे, तिथं विचारलं तर नेमकी माहिती मिळते. इथल्या कोरकू आदिवासींपैकी वाटाड्या वाट दाखवण्यापेक्षा मोठं काम करतो: कुठल्या नाल्याला पाणी आहे, कुठं काल अस्वल दिसलं, हे त्यालाच ठाऊक असतं. पैसे आधी ठरवा, दिवसाची मजुरी बुडते हे लक्षात ठेवून द्या, घासाघीस करू नका. आईंना या दिवशी माथ्यावरच ठेवा. काळापाणी तलावाकडची चाल, मग जवळच्या मोथा गावची रबडी, हा त्यांचा दिवस जास्त चांगला जाईल. त्या सुमारास इथल्या स्ट्रॉबेरीही यायला लागतात.

उतार उतरताना पाय कसा ठेवायचा ते घरी जिन्यावरच शिकून घ्या. टाच आधी टेकवून शरीर मागं झुकवलं की मुरमावर पाय सटकतो आणि माणूस थेट पाठीवर पडतो. गुडघा किंचित वाकवा, पाऊल छोटं, तळवा पूर्ण टेकवा, वजन पुढच्या पायावर. फारच उभा उतार असेल तर आडवं होऊन, कडेच्या अंगानं उतरा. आईंसाठी वेळूची काठी, छातीइतक्या उंचीची, टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून. उतारावर काठी आधी खाली टेकवायची, मग पाय. नवे बूट इथं पहिल्यांदा घालू नका, निदान पंधरा दिवस शेतात-बाजारात वापरून घ्या. बोटं पुढं आपटत असतील तर बुटाची नाडी घोट्याशी घट्ट आणि पंज्यावर सैल बांधा. आणि निघायच्या आदल्या रात्री पायाची नखं कापा. ही क्षुल्लक गोष्ट न केल्यानं अंगठ्याचं नख काळं पडलेली पुष्कळ माणसं दिसतात.

पाणी माणशी दोन लिटर, मुलाला दीड, आणि एक लिटर जादा. नाल्याचं पाणी नितळ दिसलं तरी वर गुरं बसतात, पिऊ नका. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवायचं, मोठं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर. अर्ध्या ग्लासात घट्ट करून दिलं तर तहान आणि उलटी वाढते. खायला भाकर-ठेचा उत्तम, पण चढाच्या आधी भरपेट नको. शेंगदाणे-गूळ, केळी, मीठ लावलेले फुटाणे, दर अर्ध्या-पाऊण तासाला मूठभर. चूल, गॅस, शेकोटी जंगलात अजिबात नाही. वाळलेल्या गवताला ठिणगी पुरते. तुमच्याकडं सकाळी स्वेटर पुरतो, इथं पहाटे पारा एक आकडी होतो. चढून आल्यावर घामानं भिजलेली बनियन अंगावर ठेवून कडेला वाऱ्यात बसलं की थंडी भरते, म्हणून एक कोरडी बनियन पिशवीत तळाशी. बाकी बॅटरी, शिट्टी, पट्टी, आईंच्या गोळ्या.

कॉटेज ठरवताना खोलीचे फोटो बघण्यापेक्षा चार प्रश्न विचारा. सकाळी साडेसहाला चहा आणि सातला नाश्ता मिळेल का? दुपारचा डबा बांधून देता का? गरम पाणी किती वाजेपर्यंत? आणि कॉटेज गावात आहे की मोथ्याकडं रस्त्यावर? रस्त्यावर असलं तर रोज सकाळी गाडी काढावी लागते आणि ३०-३१ डिसेंबरला घाटात आणि पॉइंटांवर गाड्यांची रांग लागते. त्या दोन दिवसांत पायी जाणाराच आधी पोचतो, त्यामुळं भाडं थोडं जास्त गेलं तरी गावातलं घ्या. रोज निघताना कॉटेजवाल्याला कुठल्या वाटेनं जाताय आणि किती वाजता येणार ते सांगून जा, वेळ उलटल्यावर त्यानं कुणाला फोन करायचा तेही ठरवून ठेवा. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, पोलिसांसाठी ११२.

जमत असेल, तर चिखलदऱ्यातली एक रात्र कमी करून अंजनगावला परत या आणि दुसऱ्या दिवशी अकोटमार्गे नरनाळा किल्ला करा, असा सल्ला मी देईन. शहानूरच्या नाक्यावर नोंद करून, वाटाड्या घेऊन जायचं. बराच रस्ता गाडीनं चढतो, त्यामुळं आईंनाही वर नेता येतं; आणि महाकाली दरवाजावरचं कोरीव काम गाविलगडापेक्षा उजवं आहे. ते नीट बघायचं तर सकाळचं ऊन हवं, म्हणून चिखलदऱ्याहून निघून दुपारी तिथं पोचण्यापेक्षा आदल्या रात्री घरी झोपून पहाटे निघालेलं बरं.